चार दिवसांचं शहाणपण

‘दूरची एखादी भयंकर बातमी ऐकली की आपल्या रोजच्या कटकटी एकदम क्षुल्लक वाटतात. मग चारच दिवसांत त्या पुन्हा पहिल्याइतक्याच का टोचायला लागतात?’

हा प्रश्न अनेकजण वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, आणि विचारताना आवाजात थोडी शरम असते. बातमी ऐकली त्या दिवशी डोळ्यांत खरंच पाणी आलेलं असतं. ‘लोकांवर काय प्रसंग आलाय, आणि आपण कशावरून डोकं फिरवून घेतोय!’ हे वाक्य मनापासून म्हटलेलं असतं. म्हणून तीच चिडचिड परत आली की माणसाला वाटतं, आपण कोडगे आहोत की काय? की तेव्हाचं ते वाटणं वरवरचंच होतं?

दोन्ही शंकांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. मन नेमकं काय करतं ते पायरीपायरीने समजून घेतलं, तर त्या चार दिवसांचा उपयोग कसा करायचा हेही कळतं.

१. एक पहाट आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्या

आधी उदाहरण ठरवून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं त्यालाच लावून बघता येईल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. बहुतेक माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी नोंदीनुसार मृतांचा आकडा आठ हजारांच्या जवळ होता.

आता त्याच सकाळी ठाण्यातल्या एखाद्या इमारतीत राहणारी एक बाई डोळ्यांपुढे आणा. ही बाई काल्पनिक आहे, पण तिची तक्रार खरी आहे. आपल्यापैकी निम्म्यांनी ती अनुभवली असेल. वरच्या मजल्याच्या गॅलरीत तुळस, मोगरा, दोन गुलाब आहेत. सकाळी कुंड्यांना पाणी घातलं की ते मातकट पाणी खाली ठिबकतं, आणि नेमकं हिने काठीने दांडीवर चढवलेल्या पांढऱ्या शर्टांवर. दोनदा वर जाऊन सांगून झालं. ‘हो हो, ताटल्या ठेवतो कुंड्यांखाली’ असं उत्तर मिळालं. ताटल्या काही आल्या नाहीत. आज तिसऱ्यांदा जायचं आणि स्पष्ट बोलायचं, असं तिने रात्रीच ठरवलेलं.

सकाळच्या बातम्यांत किल्लारीचं नाव येतं. दुपारपर्यंत आकडे येऊ लागतात. संध्याकाळी ती शर्ट पुन्हा धुते आणि वर जात नाही. तिला खरोखर काही वाटत नाही त्या डागाचं.

पुढच्या आठवड्यात मात्र ती जिना चढते.

२. तीन बादल्या

न्हाणीघरात करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यामागची गोष्ट लिहून ठेवली आहे. तीन बादल्या घ्या. एकीत सोसवेल इतकं गरम पाणी, दुसरीत गार, मधल्या बादलीत कोमट. डावा हात गरम पाण्यात, उजवा गार पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात घाला. तेच पाणी डाव्या हाताला गार लागतं आणि उजव्या हाताला ऊन.

आपलं मन त्रासाचं मोजमापही बरंचसं असंच करतं. त्रास ‘किती’ आहे हे त्याला थेट कळत नाही; आत्ता शेजारी काय आहे, मघाशी काय होतं, त्यावरून ते ठरवतं. किल्लारीच्या बातमीशेजारी ठेवला की शर्टावरचा डाग नाहीसा होतो. डाग होता तेवढाच असतो. बदलतं ते शेजारचं माप.

आता बादलीतला हात तसाच राहू द्या. तीन-चार मिनिटांत दोन्ही हातांना पाणी सारखंच लागायला लागतं, कारण हात कोमट पाण्याला सरावतात. बातमीचंही तेच होतं. पहिल्या दिवशीचा धक्का मनाला चौथ्या दिवशी नवा राहत नाही. तुलनेचं माप निघून जातं आणि डाग पुन्हा डागाच्या जागी दिसतो. तेव्हा पहिल्या दिवशीचं हेलावणं खरंच होतं, आणि चौथ्या दिवशीची चिडचिडही खरीच आहे. ज्या गुणामुळे मन हेलावलं, त्याच गुणामुळे ते पुन्हा जागेवर आलं. यात ढोंग कुठेही नाही.

३. रिकामी जागा रिकामी राहत नाही

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, तुलना फार दिवस टिकत नाही. पण निदान त्या चार दिवसांत ज्या तक्रारी गळून पडल्या, त्या तरी कायमच्या जायला हव्यात. त्यांच्या जागी दुसऱ्या का उगवतात?

याचं उत्तर देणारा एक छान प्रयोग डेव्हिड लेव्हारी, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लोकांना पडद्यावर एकामागून एक ठिपके दाखवायचे. काही निळे, काही जांभळे, बरेच मधल्या छटांचे. प्रत्येक ठिपक्यावर एवढंच सांगायचं: निळा आहे की नाही? सुरुवातीला निळे ठिपके भरपूर होते. मग प्रयोग करणाऱ्यांनी निळे ठिपके हळूहळू कमी केले. लोकांनी काय केलं? आधी ज्या ठिपक्यांना ते जांभळे म्हणत होते, त्यांनाच आता निळे म्हणू लागले. निळे ठिपके कमी होणार आहेत असं आधी सांगून ठेवलं, तरी तेच. अचूक उत्तरांना पैसे देऊ केले, तरी तेच. ठिपक्यांऐवजी चेहरे दाखवले आणि त्यांतले धमकावणारे चेहरे कमी केले, तेव्हा लोकांना साधेसुधे चेहरेच धमकावणारे वाटायला लागले.

आपल्या ठाण्याच्या बाईंना हे लावून बघा. समजा वरच्या शेजाऱ्यांनी अखेर ताटल्या आणल्या. कपडे स्वच्छ राहू लागले. आता महिन्याभराने त्यांना वरच्या घरात ओढल्या जाणाऱ्या खुर्च्यांचा आवाज ऐकू यायला लागेल. तो आवाज आधीही होता. ‘त्रास’ या नावाखाली काय काय घालायचं, याची हद्द मन स्वतःहून सरकवतं, आणि सरकवल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही.

मला या प्रयोगातून एक दिलासा मिळतो. कटकटी पुन्हा उगवणं हे चारित्र्याचं वैगुण्य नाही, ही मनाची मोजण्याची पद्धत आहे. ती ठाऊक असलेला माणूस ‘हा निळा ठिपका खरंच निळा आहे का?’ असं निदान एकदा विचारू शकतो.

४. लहान दुःखाला कुणी भेटायला येत नाही

आता जरा उलट दिशेने जाऊ. कटकट खरंच क्षुल्लक असते का?

१९८१ मध्ये ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मध्यमवयीन माणसांकडून दहा महिने, दर महिन्याला एक यादी भरून घेतली. यादीत अगदी घरगुती गोष्टी होत्या: वस्तू हरवणं, वजन वाढणं, वाढती महागाई, घराची डागडुजी. शिवाय त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या घटनांचीही नोंद होती. त्या काळापर्यंत समज असा होता की माणसाचं मन खचतं ते मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा मोठ्या आघातांनी. हाती आलं ते वेगळंच. कुणाचं मानसिक स्वास्थ्य बिघडेल याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून जास्त चांगला बांधता येत होता.

असं का व्हावं? गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. मोठा आघात झाला की मन आपली सगळी कुमक बाहेर काढतं. आपण घडलेल्याचा अर्थ लावायला लागतो, रडतो, बोलतो, देवाकडे किंवा कामाकडे वळतो. आणि एकटं मनच नाही, माणसंही धावून येतात. आपल्याकडे ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, कुणी रात्री सोबतीला थांबतं, दहाव्या-तेराव्यापर्यंत घर हलतं राहतं. लहान त्रासाच्या वेळी यातलं काहीच घडत नाही. शर्टावर डाग पडला म्हणून कुणी भेटायला येत नाही, आणि स्वतःच्या मनालाही त्यासाठी काही करावंसं वाटत नाही. म्हणून तो तसाच राहतो, कधी कधी मोठ्या दुःखापेक्षाही जास्त दिवस.

कॅनर-लाझारस यांच्या अभ्यासात आणखी एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. मोठं संकटही माणसापर्यंत पोचतं ते पुष्कळदा कटकटींच्या वाटेनेच. नवरा गेल्याचं दुःख एका जागी असतं. पण गॅसचं पुस्तक त्याच्या नावावर, बँकेत सही त्याची, दिव्याचा फ्यूज बदलायचा तोच, ही दुःखाची रोजची पावलं असतात. ही गोष्ट लक्षात असू द्या. शेवटच्या भागात तिची गरज पडेल.

५. चीनमधला भूकंप आणि करंगळी

दूरच्या दुःखाबद्दलचा सगळ्यात धारदार प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ॲडम स्मिथने विचारला. अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याचा पहिला मोठा ग्रंथ नीतिभावनांवर होता आणि तो १७५९ मध्ये आला. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं होतं आणि सारा युरोप हादरला होता. स्मिथने कल्पना केली ती मात्र लिस्बनहूनही दूरच्या भूमीची. समजा, सगळा चीन देश भूकंपाने गिळला. युरोपातला एखादा सज्जन माणूस काय करेल? हळहळेल, मानवी जीवनाच्या नश्वरतेवर चार विचार मांडेल, व्यापारावर काय परिणाम होईल ते बोलेल, आणि मग आपल्या कामाला लागेल. पण उद्या त्याची करंगळी कापली जाणार आहे असं सांगा, त्याला रात्रभर डोळा लागणार नाही.

लोक सहसा गोष्ट इथेच थांबवतात आणि माणूस किती स्वार्थी आहे असा निष्कर्ष काढतात. स्मिथ मात्र थांबत नाही. तो पुढे विचारतो, ती करंगळी वाचवण्यासाठी हा माणूस कोट्यवधी चिनी माणसांचा बळी द्यायला तयार होईल का? नाही. त्या कल्पनेनेच त्याचा थरकाप होईल. म्हणजे त्याच्या भावना करंगळीच्या बाजूने आहेत आणि तरी त्याचा निर्णय माणसांच्या बाजूने जातो. स्मिथच्या मते हे काम आपल्या आत बसलेल्या एका निःपक्षपाती प्रेक्षकाचं आहे. तो आपल्याला बाहेरून बघतो आणि सांगतो, तू अनेकांपैकी एक आहेस.

या प्रकरणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सुचवेन: किती वाटतं आणि काय करतो, ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्या खात्यात करंगळी जिंकते म्हणून दुसऱ्याही खात्यात ती जिंकलीच पाहिजे असं नाही.

पहिल्या खात्याच्या मर्यादा अलीकडच्या अभ्यासांनी मोजूनही दाखवल्या आहेत. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एका कामाबद्दल पाच डॉलर दिले आणि मग मदतीचं आवाहन केलं. काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीचं छायाचित्र आणि माहिती दाखवली. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकडेवारीसाठी १.१४. मुलगी आणि आकडेवारी एकत्र दाखवली तेव्हा देणगी वाढायला हवी होती, ती १.४३ वर आली. आकड्यांनी मुलीचा चेहरा पुसट केला.

किल्लारीच्या वेळी ‘आठ हजार’ या आकड्याने कुणाला रडू फुटलं असेल असं मला वाटत नाही. रडू फुटलं असेल ते ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचा फोटो बघून.

६. ‘त्यांच्याकडे बघ’

वरच्या सगळ्यातून एक व्यवहारातली चूक स्पष्ट होते. घरात कुणी तक्रार केली की आपण म्हणतो, ‘त्यांच्याकडे बघ जरा, आणि तू कशाचं रडतेस!’ हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला हे जवळजवळ नेहमी लागतं.

स्वतःहून आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्या माणसाकडे बघून धीर घेणं, हे माणूस करतोच. जोआन वुड, शेली टेलर आणि रोझमेरी लिक्टमन यांनी १९८५ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या ७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायका बोलता बोलता आपणहून कुणा ना कुणा अधिक बिकट रुग्णाचा उल्लेख करत आणि त्यातून स्वतःला सावरत. इथे तुलना आतून आलेली असते, वेळ आणि उदाहरण ज्याचं त्याने निवडलेलं असतं. दुसऱ्याने लादलेली तुलना निराळी. तिच्यात ‘तुझं दुःख मोजलं आणि ते कमी भरलं’ असा निकाल असतो. मुलांना तर हे कधीही म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. शाळेत मैत्रिणीने अबोला धरला म्हणून रडणाऱ्या मुलीला दूरच्या भूकंपातली मुलं दाखवली, तर तिचं रडणं थांबत नाही. पुढच्या वेळी ती आपल्यासमोर रडत नाही, इतकंच.

दुसरी चूक टीव्हीसमोर होते. दृष्टी व्यापक व्हावी म्हणून माणूस तासन् तास तीच दृश्यं बघत बसतो. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर ॲलिसन होल्मन, डाना रोझ गार्फिन आणि रॉक्सेन सिल्व्हर यांनी ४,६७५ लोकांची पाहणी केली. पहिल्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं, स्फोटांच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. इतकं बघून कुणाची कटकट लहान होत नाही. ताण वाढतो, आणि ताण वाढलेल्या माणसाला कुंडीचं पाणी दुप्पट लागतं.

७. माळवद गळायला लागलं की

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. दूरच्या दुःखासमोर सगळ्याच कटकटी सारख्या लहान करून टाकणं धोक्याचं आहे.

किल्लारीची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. तेवढ्या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून जास्त होतात, आणि त्यांतल्या फारच थोड्यांत हजारो माणसं मरतात. मग इथे का मेली? उत्तर घराच्या बांधणीत आहे. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. भिंतीचं आतलं तोंड वेगळं रचलेलं, बाहेरचं वेगळं, आणि मधल्या पोकळीत माती आणि चिपा भरलेल्या. दोन्ही तोंडांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर मातीचं सपाट छत. यालाच माळवद म्हणतात. उन्हाळ्यात घर गार राहतं, रात्री वर झोपता येतं, शेंगा-मिरच्या वाळवता येतात. शेतकऱ्याच्या सोयीचं घर ते.

पण माळवद पावसाळ्यात गळतं. गळायला लागलं की त्यावर आणखी माती टाकून ती चोपायची, हा साधा उपाय. दोन वर्षांनी पुन्हा गळालं, पुन्हा माती. असं करत करत वरचा थर फूट, दीड फूट, कुठे दोन फुटांवर गेला. दरवेळी एक कटकट मिटली आणि डोक्यावरचं वजन वाढलं. त्या पहाटे भिंतींची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, आणि हे सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान धक्के जाणवतही होते. माणसं घाबरली, काही दिवस बाहेर झोपली, मग सरावली. सरावण्याचा गुण आपण दुसऱ्या भागात पाहिला. इथे तो किती महाग पडला ते दिसतं. त्या माणसांचा दोष त्यात नव्हता. घर सोडून जायचं कुठे, हा प्रश्न त्यांना कुणी सोडवून दिला नव्हता.

मुंबईतलं उदाहरण आणखी जवळचं आहे. परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणारा पादचारी पूल अरुंद होता. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांच्या इमारती आल्या, गर्दी वाढत गेली, पूल तेवढाच राहिला. सकाळी त्या जिन्यावर अंगाला अंग घासत उतरणं ही हजारो लोकांची रोजची कटकट होती, आणि तिच्याबद्दल तक्रारीही होत होत्या. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसं आडोशाला पुलावर थांबली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली, आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल उभा राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे तक्रार रास्त होती आणि उपायही शक्य होता.

तेव्हा भयंकर बातमी ऐकल्यावर मन जे चार दिवस मोकळं होतं, त्यांत आपल्या कटकटी झटकून टाकण्यापेक्षा त्या निवडाव्यात. ठाण्याच्या बाईंची यादी घेऊ. कुंडीचं पाणी: शर्ट पुन्हा धुता येतो, सोडून देता येईल किंवा शांतपणे बोलता येईल. खुर्च्यांचा आवाज: निळा ठिपका बहुधा नाही. जिन्याखालच्या मीटरपाशी पावसाळ्यात येणारी ओल, आणि तिथे कुणीतरी ठेवलेल्या रद्दीच्या चळती: ही कटकट नाही, ही सूचना आहे, आणि आजच सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी द्यावी. गच्चीच्या दाराला रात्री लागणारं कुलूप, ज्याची किल्ली एकाच घरात असते: तेही लेखी द्यावं. एरवी या चारही गोष्टी एकाच सुरात कुरकुरत असतात. दूरच्या दुर्घटनेचा धक्का ताजा असतो तेव्हा त्यांतला फरक अगदी स्वच्छ दिसतो.

८. सहाव्या आठवड्यात काय चाललेलं असतं

आता दुसऱ्या खात्याकडे, म्हणजे आपण काय करतो त्याकडे.

२ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या ॲलन कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगभर पोचलं. स्वीडनच्या रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासितांसाठीच्या निधीत त्या आठवड्यात येणाऱ्या रोजच्या देणग्यांची संख्या आदल्या आठवड्याच्या शंभरपटीहून वर गेली. पाच-सहा आठवड्यांत ती लाट ओसरली. स्लोव्हिक आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासातली पुढची नोंद मला जास्त मोलाची वाटते: ज्यांनी त्या काळात दरमहा ठरावीक रक्कम देण्याची नोंदणी केली, त्यांतले जवळजवळ सगळे पुढच्या महिन्यांतही टिकले. भावना ओसरली, पण भावना ताजी असताना घेतलेला निर्णय उरला.

किल्लारीतही पहिल्या दिवसांत महाराष्ट्रातून माणसं, अन्न, कपडे, औषधं यांचा ओघ सुरू झाला. पण तिथल्या माणसांच्या आयुष्यात सहाव्या आठवड्याला, सहाव्या महिन्याला, तिसऱ्या वर्षाला काय चाललं होतं? पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमधलं ऊन. पाण्याची वाट. कागदपत्रं ढिगाऱ्यात गेलेल्या माणसाने वारस म्हणून स्वतःला सिद्ध करणं. ५२ गावं नव्या जागी वसली. कुणाला २५० चौरस फुटांचं घर, कुणाला ४००, कुणाला ७५०, हे जमिनीच्या मालकीवरून ठरलं. नव्या गावांचे रस्ते शहरासारखे रुंद आणि सरळ आखलेले. जुन्या गावात दाराशी जनावरं, चार पावलांवर भावकी, हाकेच्या अंतरावर विहीर. इथे शेत लांब पडलेलं, बैल बांधायचे कुठे हा प्रश्न, शेजारी कोण ते नव्याने ओळखायचं. चौथ्या भागात म्हटलं होतं की मोठं दुःख कटकटींच्या वाटेने घरात येतं. इथे अख्ख्या तालुक्यांत ते तसं येत होतं, आणि तोवर बातम्या थांबल्या होत्या.

त्या काळात टिकलेली कामं बघण्यासारखी आहेत. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, म्हणजे एका दिवसाच्या कळवळ्याचं रूपांतर कित्येक वर्षांच्या जेवणात, वह्यांत आणि फीमध्ये झालं. ज्या गावांतली घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम चालला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती घ्यायचं, भिंतीची दोन तोंडं बांधून घ्यायला गवंड्याला काय सांगायचं, हे त्या घरोघर जाऊन समजावत. हे काम छायाचित्रात येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा दोन गोष्टी कराव्यात असं मी सुचवेन. पहिल्या दोन दिवसांतच, मन हेलावलेलं असताना, त्या भागात आधीपासून काम करणारी एखादी संस्था शोधून तिला वर्षभर दरमहा झेपेल तेवढी रक्कम देण्याची व्यवस्था करावी. १०० रुपये असले तरी चालतील. जुने कपडे पाठवण्याची घाई करू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, आणि ते उचलणं हेच तिथल्या कार्यकर्त्यांचं एक जादा काम होऊन बसलं.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण करण्याची. त्या दिवशी त्याच संस्थेला फोन करून विचारावं, ‘आत्ता काय लागतंय?’ उत्तर बहुधा अगदी साधं असतं. झेरॉक्सचे पैसे. तहसील कचेरीत तीनदा जाण्याचं गाडीभाडं. दहावीच्या मुलांसाठी गाईडं आणि संध्याकाळी अभ्यासाला एक दिवा. हरवलेल्या रेशनकार्डाचा अर्ज भरून देणारं कुणीतरी, जे रांगेत शेवटपर्यंत उभं राहील.